सोयीची पोर

जळगावात आखाजी जवळ आली हे मला पंचांगातून कळत नाही. शाळेतून घरी येताना रस्त्याच्या कडेला, गोणपाटाच्या सावलीत, कुंभारणी लाल घागरींचे ढीग मांडून बसलेल्या दिसल्या की समजायचं, अक्षय्यतृतीया आठ-दहा दिवसांवर आली. माझे पाय तिथे थांबतात. एखादी घागर उचलायची, बोटानं टिचकी मारून आवाज ऐकायचा आणि परत ठेवून द्यायची. घ्यायची नसतेच, कारण माझी घागर माहेरी, शिंदखेड्याला, आईनं आधीच आणून ठेवलेली असते. काल अशीच थांबले. ऊन इतकं, की चपलेला डांबर चिकटत होतं. कुंभारीण म्हणाली, "ताई, घ्यायची नाही तर टकटक कशाला करते?" बरोबर बोलली बाई. मला हसू आलं आणि त्या हसण्यामागून थकवाच आला. सकाळपासून डोक्यात एकच आकडा फिरत होता. शेवटची पाळी येऊन चव्वेचाळीस दिवस झाले होते.

मी सदतीस वर्षांची आहे, एका शाळेत कारकून आहे, आणि गेली तीन वर्षं हे दिवस मोजते आहे. कागदावर माझ्या दुखण्याची दोन नावं आहेत, पीसीओएस आणि इन्सुलिन रेझिस्टन्स. ती मला फार उशिरा कळली. त्याआधीची वीस वर्षं मला आजार असा नव्हताच. त्याआधी मी सोयीची होते.

हे नीट सांगायला हवं. आमच्याकडे खानदेशात आखाजी म्हणजे दिवाळीच्या तोडीचा सण. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, कडुलिंबाच्या फांदीला झोके बांधले जातात, खापरावर पुरणाचे मांडे होतात आणि त्या दिवसापासून आमरस सुरू होतो. त्याआधी आमच्या घरात आंबा चाखायचा नाही. आधी गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरायची, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवायचं, दोन आंबे ठेवायचे, मग आपण खायचं. आणि त्याआधीचा सगळा उन्हाळा पापड, कुरडया, बिबड्या, लोणचं. यातल्या कशालाच बाजूला बसलेल्या बाईनं हात लावायचा नाही. लोणचं नासतं, पापड लाल पडतात, पितर उपाशी परत जातात. त्यामुळे चैत्र लागला की गल्लीतल्या सगळ्या बायका बोटांवर हिशोब करायच्या. कुणाची तारीख मांड्यांच्या दिवशी येते, कुणाची पापडांच्या दिवशी. माझी एक काकू तर पाळी पुढे ढकलायची गोळी आणून ठेवायची.

आणि या सगळ्या धांदलीत एक मी होते, जिची तारीखच नसायची. चौदाव्या वर्षी पाळी आली, मग चार महिने गायब. पुन्हा एकदा आली, मग सहा महिने पत्ता नाही. आईला पहिल्यांदा जरा काळजी वाटली. पण शेजारच्या अक्का होत्या ना! अक्का म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांत जुन्या, मांड्यांचा घोळ हातावर मोठा करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या म्हणाल्या, "सोन्यानी पोर शे, माय! हिले काही लचांडच नही." झालं. आईची काळजी तिथेच मिटली, आणि मी सबंध गल्लीची झाले. कुणाकडे पापड लाटायचे असले की निरोप यायचा, "वैशूले धाडी द्या." लोणच्याच्या फोडींना मीठ मी लावायचं, वाळवणाची राखण मी करायची. आखाजीच्या दिवशी आमची घागर भरून झाली की अक्कांची आणि समोरच्या वहिनींची पण मीच भरायची, कारण नेमकं त्यांच्याकडे कुणी ना कुणी बाजूला बसलेलं असायचंच.

मला काय वाटायचं सांगू? अभिमान वाटायचा. वर्गातल्या मैत्रिणी पोट धरून बसायच्या आणि मी तीन घरच्या घागरी भरून यायचे. आबा, माझे वडील, सायकलच्या दुकानातून जेवायला आले की हसायचे, "काय, पुजारीणबाई, किती घरं झाली?" सोळा वर्षांच्या पोरीला आणखी काय पाहिजे असतं. आपण आजारी आहोत हे तिला कुणी सांगितलं असतं, तरी तिनं ते ऐकलं नसतं.

फक्त रविवार मला आवडत नसे. रविवारी आई माझी मान घासायची. मानेच्या मागे काळा पट्टा दिसायला लागला होता, काखेतही तसंच. आई म्हणायची, अंघोळ नीट करत नाही ही पोरगी. मग बेसन, लिंबू, दही, कधी नारळाची शेंडी. मी गुडघ्यांत डोकं घालून बसायची आणि आई मागून घासत राहायची. कातडी लाल व्हायची, काळं काही जायचं नाही. मग मी केस मोकळे सोडून मान झाकायला शिकले. पुढे हनुवटीवर केस आले, त्याचं पार्लर शोधलं. वजन वाढलं, त्याला "खात्यापित्या घरची" म्हणालो. प्रत्येक गोष्टीला एक सोयीचं नाव सापडत गेलं.

लग्न होऊन जळगावला आले. अकरा वर्षं झाली. आम्हाला मूल नाही. त्याविषयी लोक माझ्यासमोर आणि माझ्यामागे इतकं बोलले आहेत, की मी इथे बोलणार नाही. तीन वर्षांपूर्वी मी डॉक्टरीणबाईंकडे गेले ती मुलासाठी नाहीच. दुपारी जेवण झालं की मला शाळेच्या टेबलावर डोळे उघडे ठेवता येत नसत, म्हणून गेले. डबा संपला की अशी गुंगी यायची की दाखल्यांवर सही कुठे आणि शिक्का कुठे, काही कळायचं नाही.

बाईंनी विचारलं, "पाळी?"

"चार-सहा महिन्यांनी येते. पण तसा काही त्रास नाही."

"कधीपासून असं?"

"पहिल्यापासून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि वीस वर्षांत कुणालाच दाखवलं नाही?"

काय सांगणार होते मी त्यांना? की आमच्या घरी पापड लाल पडू नयेत म्हणून नाही दाखवलं? मग त्यांनी मान वळवायला सांगितली, तो काळा पट्टा बघितला आणि म्हणाल्या, "हा मळ नाही बरं का. हे इन्सुलिनचं लक्षण आहे." मला त्या क्षणी आईचे सगळे रविवार आठवले. राग आला की रडू, ते अजून ठरलेलं नाही.

तपासण्या झाल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. मी ते माझ्या पद्धतीनं असं लक्षात ठेवलंय. घरात एक कमी ऐकू येणारा म्हातारा आहे. त्याला हाक ऐकू जात नाही, म्हणून सगळे जोरात बोलतात. तो ऐकत नाही, म्हणून आणखी जोरात. शेवटी म्हातारा आहे तिथेच आणि त्या आरडाओरड्यानं बाकी घर बिथरतं. इन्सुलिन असंच ओरडतंय, शरीर ऐकत नाहीये, आणि त्या गोंगाटात बिचारी अंडाशयं आपलं काम विसरलीत. "मग हे बरं कधी होईल?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, "सांभाळायचं. रोज." एवढंच. त्या रोजचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता.

रोज म्हणजे मेटफॉर्मिनची गोळी, जेवणाबरोबर. पहिले दोन महिने तिनं मला शाळेच्या संडासाची इतकी ओळख करून दिली, की शिपाईमामा न बोलता किल्ली पुढे करायचे. तोंडाला पितळेची चव, मळमळ. औषधवाला हळू आवाजात विचारायचा, "ताई, इतक्या लवकर शुगर?" शुगर नाही हो, शुगरची थोरली बहीण म्हणा. रोज म्हणजे पहाटे साडेपाचला उठून मेहरूणच्या तलावाकाठी चालणं, कारण सात वाजले की जळगावचं ऊन माणसाला उभं राहू देत नाही. नवरा, प्रमोद, पहिले आठ दिवस उत्साहानं बरोबर आला. नवव्या दिवशी पांघरुणातूनच म्हणाला, "तू हो पुढे, मी आलोच." अजून येतोच आहे. वाईट नाही तो. संध्याकाळी भाकरी मात्र तो करतो, आणि माझ्यापेक्षा पातळ करतो.

आणि रोज म्हणजे नाही म्हणणं. केळीच्या जिल्ह्यात राहून केळं नको म्हणायचं. शाळेत कुणाचा वाढदिवस असो, बदली असो, निकाल असो, पेढा पुढे येतोच. नको म्हटलं की चौकशी. हो म्हटलं की तीन दिवस आपणच आपल्याला बोलणार. छापील आहार-तक्त्यावर ओट्स लिहिले होते. मी आठवडाभर खाल्ले आणि मग बाईंना विचारलं, कळण्याची भाकरी चालेल का? ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली, जी लहानपणी आम्ही नाक मुरडत खायचो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "धावेल." तेवढं एक सुख झालं. बाकी सगळा कंटाळा आहे. लोकांना वाटतं आजारात दुखणं वाईट. मला विचाराल तर कंटाळा जास्त वाईट. दुखणाऱ्या माणसाला कुणी तरी विचारतं. ज्याला फक्त रोज चालायचं आहे, त्याला कोण काय विचारणार?

आई विचारायची. दाखवून आल्यावर मी तिला फोनवर सगळं सांगितलं होतं. तिनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला. तेव्हापासून दर महिन्याला तिचा फोन येतो. आधी पाऊसपाणी, मग भाव, मग आवाज खाली आणून, "उनी का?" उनी म्हणजे आली. माझी जीभ जळगावच्या कचेरीत राहून सरळ झालीय, पण या दोन शब्दांना मी अजून तिच्याच बोलीत उत्तर देते. "नही उनी."

गोळी देऊन पाळी आणली जायची. दहा दिवस ती वेगळी गोळी घ्यायची, मग चार दिवसांनी यायची. इकडे काकू गोळी घेऊन पाळी लांबवायची आणि मी गोळी घेऊन बोलवायची. असं दीड वर्ष चाललं. मागच्या वर्षी संक्रांत झाल्यावर बाई म्हणाल्या, "वजन उतरलंय, रिपोर्ट बरे आहेत. आता आणायची गोळी थांबवू. मेटफॉर्मिन आणि चालणं चालू ठेवायचं. आखाजीपर्यंत वाट बघू. आपोआप आली, तर शरीर ऐकायला लागलं म्हणायचं. नाही आली, तर पुन्हा पहिल्यापासून."

पुन्हा पहिल्यापासून. हे दोन शब्द घेऊन मी तो उन्हाळा काढला. फेब्रुवारी गेला, काही नाही. होळी गेली, काही नाही. तलावाकाठी चालताना मी अक्षरशः विनवण्या करायची, देवाला नाही, पाळीला. अगं, एकदा ये. तुला लहानपणी कुणी बोलावलं नाही, तू आली नाहीस तर सगळे खूश व्हायचे, ते तू मनावर घेतलंस का? असं काहीबाही बडबडत चालायची. समोरून येणारे निवृत्त काका मला बघून वाट बदलायचे.

आखाजीच्या दोन दिवस आधी मी गाडीनं शिंदखेड्याला गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी आई आणि मी ओसरीवर बसून डाळ निवडत होतो. उकाड्यामुळे मी केस वर बांधले होते. एकदम मानेवर तिची बोटं लागली. मी दचकले. इतक्या वर्षांची सवय, अंग आपोआप आक्रसलं. पण बोटं घासत नव्हती, नुसती फिरत होती. पट्टा बराच फिका झाला होता. आई म्हणाली, "मी कितली घासी वं तुनी मान. आग व्हयनी व्हई ना?"

मी म्हटलं, "जाऊ दे गं. तुला कुठे माहीत होतं."

"माले माहीत नव्हतं," ती म्हणाली, "पन बरं वाटे. पोर हाताशी राहस म्हनीसन बरं वाटे." आणि मग डाळीतला खडा शोधायला तिला फारच वेळ लागला. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं, तर आमची दोघींची डाळ तशीच राहिली असती.

आबांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. त्यांना साखर होती. आधी डोळे गेले, मग मूत्रपिंडं. शेवटच्या आखाजीलासुद्धा दोन वाट्या रस प्याले आणि म्हणाले, आजच्या दिवशी साखर मोजायची नसते. माझा आजार त्यांच्याकडून आलाय, असं बाई म्हणतात. मी एकुलती एक. आबांची घागर भरायला माझ्याशिवाय दुसरं लेकरू नाही, म्हणून ते गेल्यापासून ती मीच भरते. आदल्या दिवशी मी ती घासून, पाण्यात बुडवून, पालथी घालून ठेवली.

आखाजीच्या सकाळी उठले तर कंबर भरून आलेली. वाटलं, गाडीच्या बाकड्यामुळे असेल. न्हाणीघरात गेले आणि तिथेच थांबले. आली होती. कुणी बोलावलं नव्हतं, गोळी नव्हती, काही नव्हतं, स्वतःच्या पायांनी आली होती. मी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसून रडले. नळ सोडून ठेवला, आवाज जाऊ नये म्हणून. किती वेळ, माहीत नाही. आणि मग डोक्यात आलं, आज आखाजी आहे. आज घागर आहे. तीन घरच्या घागरी भरणारी सोयीची पोर, आणि नेमकी आजच.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिले. चूल पेटलेली होती, खापर तापत होतं, अक्का मांड्यांना आलेल्या होत्या आणि आईचे दोन्ही हात पुरणात. मी म्हटलं, "आई."

तिनं वर बघितलं. माझा चेहरा, उंबऱ्याबाहेरचे माझे पाय. तिला कळलं.

"उनी?"

"उनी."

"आपसूक? गोयीबिगर?"

"गोळीशिवाय."

आईचे डोळे भरून आले आणि हात पुरणाचे असल्यामुळे ते तिला पुसताही येईनात. अक्कांना मात्र आपला प्रश्न पडला. "आते काय करवं? आबानी घागर कोन भरी?"

"तीच भरी," आई म्हणाली.

"अवं, पन ती ते बाजूले..."

"तिना बापनी घागर शे, अक्का. तीच भरी."

अक्कांनी खापराकडे तोंड केलं. त्यांचा तो मांडा त्या दिवशी एका बाजूनं फाटला, आणि मी त्यांना तोपर्यंत कधी मांडा फाडताना बघितलं नव्हतं. पण उठून त्या गेल्या नाहीत, हेही खरं.

आईनं हात धुतले. घागर उचलली आणि मला उंबऱ्याच्या आत बोलावून माझ्या हातात दिली. तिला द्यायला काय लागलं असेल, ते मला ठाऊक आहे. ती कुठल्या बंडखोर घरातली नाही. तिचे ओठ काहीतरी पुटपुटत होते, बहुतेक आबांची माफी मागत असावी, किंवा माझी. मी तांब्यानं पाणी ओतत गेले. रात्रीत कोरडी झालेली घागर पाणी पिताना बारीक आवाज करते, तो ऐकू येत होता. पोटात कळा येत होत्या. वर डांगर ठेवलं, दोन आंबे ठेवले. मनात म्हटलं, आबा, घ्या. तुमची पोर आज बाजूला बसायची होती, पण घागर तिनंच भरलीय. तुम्हीही जरा बघा.

त्यानंतर आई म्हणाली, "जाय आते, पड जराशी." आणि मी पडले. आतल्या खोलीत, पंख्याखाली. बाहेर मांडे होत होते, झोक्यावर पोरी ओरडत होत्या, अक्का कुणाला तरी रागावत होत्या, आणि मला कुणी हाक मारत नव्हतं. इतक्या वर्षांत आखाजीच्या दिवशी मी पहिल्यांदा आडवी झाले होते. दुपारी आईनं डाळ, भाजी, भाकरी आधी वाढली आणि मग अर्धी वाटी रस. मोजून. मी तो चमच्यानं खाल्ला, संपू नये म्हणून.

गोष्ट इथे संपली असती तर बरं दिसलं असतं. पण शरीर काही गोष्ट नाही. त्यानंतर ती चार-पाच महिने बरी आली. मग दिवाळीत लांबली, मग आली, मग पुन्हा लांबली. शाळेत तपासणी होती, चालणं सुटलं, दोन महिने डब्यात जे आलं ते खाल्लं. काल चव्वेचाळीस दिवस. आज पंचेचाळीस. बाईंकडे पुढच्या सोमवारी जायचं आहे, आणि त्या काय म्हणतील ते मला पाठ आहे. आज पहाटे गजर झाला तेव्हा मी तो बंद केला आणि छताकडे बघत पडून राहिले. मग उठले. तलावाला एकच फेरी मारली, दोन नाही झाल्या.

संध्याकाळी आईचा फोन आला. डांगरं यंदा महाग आहेत. लिंबाची झोक्याची फांदी वादळात गेली, दुसरी शोधली. अक्कांचे गुडघे धरलेत, पण मांडे त्याच करणार म्हणतात. मग तिचा आवाज खाली आला, आणि मी डोळे मिटून त्या दोन शब्दांची वाट बघत बसले.

तिनं विचारलंच नाही. म्हणाली, "वैशू, उनी तरी ये. नही उनी तरी ये. घागर तूच भरशी."

मी हो म्हटलं. फोन ठेवून पिशवी काढली आणि सगळ्यात आधी तिच्यात गोळ्यांच्या दोन पट्ट्या टाकल्या.